हिम तोलणारा अध्यापक

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया व नेव्हाडा या दोन संस्थानांच्या सीमेवर, सिएरा नेव्हाडा पर्वतांत, टाहो नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. हिवाळ्यांत भोंवतालच्या शिखरांवर हिम सांचतें; वसंतांत तें वितळून ओढ्यांवाटे सरोवरांत उतरतें, आणि ट्रकी नदी तेंच पाणी नेव्हाडाच्या रुक्ष मैदानाकडे नेते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं या पाण्यावरून मोठा कलह माजला. सरोवर फार चढलें कीं कांठच्या जमीनमालकांचें नुकसान होई; पाणी आधींच सोडून द्यावें, तर खालचे शेतकरी व वीजकेंद्रें यांना उन्हाळ्यांत तें पुरत नसे. वसंतांत किती पाणी येणार, हें आगाऊ सांगणें हाच यावर उपाय होता.

तो शोधून काढला रीनो येथील विद्यापीठांत लॅटिन शिकविणाऱ्या जेम्स एडवर्ड चर्च यांनीं. त्यांना गिर्यारोहणाचा नाद होता. १९०५ सालीं त्यांनीं माउंट रोझ या सुमारें १०,८०० फूट उंचीच्या शिखरावर वेधशाळा उभारली. हिमाच्या नुसत्या खोलीवरून पाण्याचा अंदाज बांधतां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. नुकतें पडलेलें हिम पिंजलेल्या कापसासारखें असतें. त्याच्या दहा इंचांत पाणी जेमतेम एक इंच. तेंच दबून जुनें झालें कीं दहा इंचांत तीन-चार इंच पाणी निघतें. म्हणून चर्च यांनीं दांतेरी तोंडाची पोकळ नळी जमिनीपर्यंत खुपसून, तींत आलेलें हिम तोलण्याची रीत काढली. वजनावरून पाण्याचे इंच कळत. दरवर्षीं त्याच जागीं तोलून व सरासरीशीं ताडून सरोवर किती चढेल तें सांगतां येऊं लागलें. पाणी केव्हां व किती सोडावें याला आधार मिळाला आणि कलह निवळला. पुढें १९४७ च्या सुमारास, पाऊणशें वर्षें उलटल्यावर, हेच चर्च हिमालयांत हिममापनासाठीं आले.

परंतु हिम आणि ओढा यांच्यामध्यें जमीन असते. हिमाचा थर आधीं शून्य अंशापर्यंत तापतो. पहिलें पाणी त्याच्याच छिद्रांत अडकतें. मग माती आपला वांटा घेते. उरेल तें ओढ्याचें. २०२१ सालीं कोरडी माती व अकालीं आलेला उष्मा यांमुळें कॅलिफोर्नियांतील अंदाज फसले. हिमाच्या मानानें नद्यांना फारच थोडें पाणी आलें. चर्च यांची तागडी खोटी ठरली नाहीं. मात्र हिमाबरोबर मातीची तहानही मोजावी लागते, हें त्या वर्षानें शिकविलें.