कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन

हार्बर लाईनवर रे रोड आणि शिवडीच्या मध्ये कॉटन ग्रीन स्टेशन आहे. भर दुपारी तिथे उतरलात तर फलाटावर माणसं मोजकीच. पश्चिमेला काळाचौकी आणि अभ्युदयनगर, पूर्वेला बंदराची जुनी गोदामं. इथे कापूस दिसत नाही की हिरवळ दिसत नाही, मग हे नाव कसलं?

ग्रीन म्हणजे मोकळं मैदान. आज फोर्टात हॉर्निमन सर्कल आहे, तिथे टाऊन हॉलसमोर पूर्वी असं मैदान होतं. बोटीत चढवायच्या कापसाच्या गाठी त्या मैदानात उघड्यावर रचलेल्या असायच्या. १८४४ साली हा व्यापार कुलाब्याला हलवला, आणि नावही सोबत गेलं. पुढे पोर्ट ट्रस्टने समुद्रात भर घालून शिवडीच्या बाजूला जमीन काढली, तिथे कापसाची गोदामं उभी राहिली. नाव पुन्हा उचललं आणि इथे येऊन थांबलं. म्हणजे हे नाव दोन वेळा बिऱ्हाड बदललेलं आहे, बरं का!

ही लाईन माणसांपेक्षा बंदरासाठी वाढली. कुर्ला ते रे रोड गाडी १९१० मध्ये सुरू झाली, १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्वतःची मालगाडीची रेल्वे आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेवर धावलेली देशातली पहिली गाडी याच मार्गाने गेली. गोदामांभोवती राहती घरं कमी, म्हणून दिवसाढवळ्याही इकडे सामसूम.

पण गाठींमधला कापूस आला कुठून? वऱ्हाड-खानदेशातून. रेल्वे नागपूरला १८६७ साली पोचली, तीही मुख्यतः कापसावर डोळा ठेवूनच. शेतात तो ओटीत वेचणाऱ्या बहुतेक बायकाच. यातला काही माल परदेशी गेला, काही जवळच्या परळ-लालबागच्या गिरण्यांत. तिथेही वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात बायकाच जास्त. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतले पाचातले एक कामगार तरी स्त्री होती. मग १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. चांगलाच कायदा. पण भत्ता मालकांच्या खिशातून जायचा, आणि पुढच्या दशकांत बायकांची संख्या घटतच गेली. नवी यंत्रंही त्याला कारण होती, एकट्या कायद्यावर खापर फोडणं आम्हाला पटत नाही. १९८२ च्या संपानंतर तर गिरण्याच बंद पडत गेल्या.

गाठींचे हिशेब, गोदामांचे नकाशे कागदावर आहेत. वेचणाऱ्या आणि बाबीन भरणाऱ्या बायकांची नावं त्यात सापडत नाहीत. तुमच्या घरात किंवा चाळीत गिरणीत राबलेली कुणी आजी असेल, तर तिला घेऊन आमच्या केंद्रावर या. सकाळी आलात तर बरं, दुपारी आवाज थकलेला असतो.