शेर, वाटी आणि पाकशास्त्र

कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले आणि पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. नेवाळकरांच्या त्या संस्थानात त्यांना आपलीच बोली बोलणारी, आपलेच सणवार पाळणारी मराठी घरे भेटली. त्या घरांनी देश सोडून पिढ्या लोटल्या होत्या. पण चुलीपुढची विद्या सासूकडून सुनेकडे जात राहिली होती, म्हणून पोथीवाचून तिचे अडले नव्हते.

पोथ्या नव्हत्या असे मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे. सतराव्या शतकात तंजावरास, व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने, रघुनाथ पंडिताने ‘भोजनकुतूहल’ रचले. परंतु हे ग्रंथ संस्कृतातले. जिच्या हाती पळी होती तिला ते वाचता येत नव्हते, आणि ज्यांना वाचता येत होते त्यांच्यापैकी थोड्यांनीच पळी हाती धरली असेल.

मराठीत पाकक्रियेचे पुस्तक छापून निघाले ते १८७५ साली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ हे या प्रकारचे पहिले मराठी मुद्रित पुस्तक मानले जाते. स्त्रियांची विद्या पहिल्यांदा एका पुरुषाने कागदावर उतरवावी, ही गोष्ट थोडी गमतीची खरी. पण त्या काळी साक्षर स्त्रिया किती होत्या हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे नवल वाटत नाही. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झाले. मधल्या काळात मुलींच्या शाळा वाढल्या होत्या, आणि आता लिहिणारीही स्त्री होती व वाचणारीही. पाठारे प्रभूंच्या घरचे सामिष पदार्थही या ग्रंथात संकोचावाचून आले.

तरी लेखनाची खरी अडचण भाषेची नव्हती. ती मापाची होती. घरात मापे हाताची असत: चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. शिकवणारी समोर असेपर्यंत ती अगदी बिनचूक. छापील पानावर मात्र मूठ कोणाची, हे सांगता येत नाही. म्हणून शेर, पावशेर, तोळा यांचा आश्रय घ्यावा, तर शेरही गावोगाव निराळा. मुंबईचा जुना शेर तीस तोळ्यांच्याही आतला, तर सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा! मुंबईच्या शेराने सांगितलेला गूळ झाशीच्या बाजारातल्या शेराने घेतला, तर त्या पक्वान्नाचे काय व्हावे?

आणि अशा दूरच्या वाचकिणीलाच पुस्तकाची गरज अधिक. १८९५ साली झाशीत रेल्वेचा कारखाना निघाला. अशा नोकऱ्यांमुळे नगऱ्यासारख्या रेल्वेलगतच्या वस्त्यांत परप्रांतीयांची बिऱ्हाडे आली. जुन्या वाड्यातल्या सुनेला सासू होती. नोकरीनिमित्त दूर देशी आलेल्या नवराबायकोच्या बिऱ्हाडात विचारावे कोणाला? बुंदेलखंडात गहू, हरभरा मुबलक, पण ओला नारळ आणि आमसूल कोकणातल्यासारखे दाराशी थोडेच मिळणार! अशा ठिकाणी पुस्तकाने केवळ पदार्थ सांगून भागत नाही. कोणती वस्तू नसली तरी चालेल आणि कशावाचून पदार्थच राहणार नाही, हेही त्याने सांगावे लागते.

पुढे १९५६ साली दशमान पद्धतीचा कायदा झाला आणि १९६२ पर्यंत व्यवहारातून शेर-तोळे गेले. आजीच्या वहीतला पावशेर नातीला परका झाला. या गोंधळातून वाट काढली ती कमलाबाई ओगले यांनी. त्यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचेच. १९७० साली किर्लोस्करांनी प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘रुचिरा’ने तराजूच बाजूला ठेवला आणि वाटी-चमच्याचे माप घेतले. एकच वाटी सर्व जिनसांना वापरली की ती लहान की मोठी हा प्रश्न बहुतांशी उरत नाही. प्रमाण आपोआप जुळते. जुन्या घरगुती मापातली सोय त्यात होती, पण मूठ मात्र सासूची राहिली नव्हती. नव्या नवरीला ‘रुचिरा’ भेट देण्याची चाल पडली ती उगीच नव्हे.

वाटीलाही न सापडणारे काही राहतेच. डाळ एक वाटी, गूळ एक वाटी हे लिहिता येते. पुरण किती वेळ आटवावे हे घड्याळ सांगू शकत नाही, कारण गूळ निराळा, चूल निराळी. तेथे पुस्तकालाही जुनीच खूण द्यावी लागते: पुरणात पळी उभी केली की ती उभीच राहिली पाहिजे.