तळटीप : नॅनोकणांनी बळकट केलेले मॅग्नेशियम

१. शुद्ध मॅग्नेशियमची घनता घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७०. मात्र मॅग्नेशियमची स्फटिकरचना षट्कोनी असल्याने नेहमीच्या तापमानाला ते सहज वाकत नाही, तडकते. सिलिकॉन कार्बाइडचे नॅनोकण स्फटिकांतील सरकत्या दोषांना अडवतात, धातूचे दाणेही बारीक ठेवतात. त्यामुळे ताकद वाढते. अडचण कणांच्या गुठळ्यांची. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये जस्तयुक्त मॅग्नेशियममध्ये आकारमानाने सुमारे १४ टक्के कण एकसारखे पसरवून दाखवले. ही टीप ज्या मजकुराला जोडली आहे, त्यातले ‘फर्मागुडीचे कॉलेज’ म्हणजे फोंड्याजवळचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९६७). गोव्यातील एनआयटी (२०१०) व आयआयटी (२०१६) यांचे सुरुवातीचे वर्गही याच आवारात भरत. — संपा.