स्त्री-पुरुषांची संयुक्त फ्रीमेसनरी : मूल्ये, विधी आणि ख्रिस्तसभेची भूमिका

फ्रीमेसनरी हे नाव कानी पडताच कुणाला सैतानपूजा आठवते, तर कुणाला ती प्रतिष्ठितांची धर्मादाय संस्था वाटते. भारतातील अनेक शहरांत लॉजच्या बंद इमारतीला लोक 'जादूघर' म्हणत. या संघटनेची स्त्री व पुरुष या दोघांनाही समान हक्काने प्रवेश देणारी एक शाखा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात निरनिराळ्या धर्मांचे सुशिक्षित लोक एकत्र काम करतात. एखाद्या सज्जन सहकाऱ्याकडून अशा संस्थेचे निमंत्रण आपल्या श्रद्धावंतांना येऊ शकते. म्हणून या शाखेची माहिती आम्ही येथे देत आहोत.

उगम

मूळ फ्रीमेसनरी केवळ पुरुषांची. मुंबईत १८४३ साली स्थापन झालेल्या 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' या लॉजने भारतीयांना दार उघडले, स्त्रियांना नाही. फ्रान्समध्ये स्त्री-हक्कांच्या पुरस्कर्त्या मारिया देरेम यांना १८८२ साली एका पुरुष लॉजने दीक्षा दिली. पुढे १८९३ साली त्यांनी डॉ. जॉर्ज मार्तें यांच्या साहाय्याने पॅरिस येथे 'ल द्रुआ युमें', म्हणजे 'मानवी हक्क', ही संयुक्त संघटना स्थापिली.

डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी १९०२ साली पॅरिसला दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये लॉज सुरू केले. त्यांच्याच प्रयत्नांनी ही चळवळ भारतात आली व वाराणसी आणि अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या वर्तुळात रुजली. ही सोसायटी आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. १८७९ ते १८८२ या काळात तिचे मुख्यालय मुंबईतच होते. सोसायटीच्या अध्यक्षा राधा बर्निए (निधन २०१३) यांनीही भारतातील संयुक्त फ्रीमेसनरीचे नेतृत्व केले.

मूल्ये आणि विधी

विवेकस्वातंत्र्य, समता, बंधुभाव, परोपकार आणि आत्मसंस्कार ही या संघटनेची घोषित मूल्ये होत. ओबडधोबड दगड घडवून तो इमारतीस योग्य करावा, तसे माणसाने स्वतःला घडवावे, हे तिचे मुख्य रूपक आहे.

लॉजच्या सभागृहात काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी असते. वेदीवर धर्मग्रंथ, गुण्या आणि कंपास ठेवतात. भारतीय लॉजमध्ये निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवण्याची प्रथा आहे. सदस्य एप्रन परिधान करतात व एकमेकांना बंधू-भगिनी म्हणतात. स्त्रीही लॉजची प्रमुख होऊ शकते. दीक्षार्थीच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत आणतात, गुप्ततेची शपथ देतात आणि मग 'प्रकाश' दाखवतात. शिकाऊ, सहकारी कारागीर व मास्टर अशा पहिल्या तीन पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीला शलमोनाच्या मंदिराचा शिल्पकार हिराम याच्या हत्येची कथा नाट्यरूपाने सादर होते आणि दीक्षार्थी प्रतीकरूपाने मरून पुन्हा उठतो. राजांच्या पहिल्या ग्रंथात हिराम नावाचा कारागीर आहे. त्याच्या हत्येची कथा मात्र बायबलमध्ये कोठेही नाही.

पॅरिसच्या मूळ संघटनेत ईश्वरश्रद्धेची अट नव्हती. बेझंटबाईंनी 'विश्वाचा महान शिल्पकार' ही कल्पना ठेवली आणि तिला थिऑसॉफीची जोड दिली. त्यांचे सहकारी वेजवूड व लेडबीटर हे पुढे 'लिबरल कॅथलिक चर्च'चे बिशप झाले. नावात 'कॅथलिक' असले तरी त्या पंथाचे रोमशी ऐक्य नाही, हे ध्यानात ठेवावे.

ख्रिस्तसभेची भूमिका

पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३८ साली फ्रीमेसनरीत प्रवेश करण्यास मनाई केली. १९८३ च्या धर्मसंहितेत तिचे नाव न आल्याने बंदी उठली असा समज पसरला. तो दूर करण्यासाठी २६ नोव्हेंबर १९८३ रोजी रोमने स्पष्ट केले की, जे श्रद्धावंत सदस्य होतात ते गंभीर पापाच्या स्थितीत असून त्यांना ख्रिस्तप्रसाद स्वीकारता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिलिपिन्समधील एका महागुरुस्वामींना उत्तर देताना हीच शिकवण पुन्हा सांगण्यात आली. संयुक्त लॉजला त्यातून सूट नाही.

याचे कारण समता वा परोपकार नव्हे. ती मूल्ये आपलीही आहेत. जर्मनीच्या महागुरुस्वामींनी अनेक वर्षे फ्रीमेसनांशी संवाद साधून पहिल्या तीन पायऱ्यांचे विधी अभ्यासले आणि १९८० साली निष्कर्ष काढला की, तेथे सत्य सापेक्ष मानले जाते व प्रकटीकरणाला स्थान उरत नाही. स्नानसंस्कारात आपण ख्रिस्ताबरोबर मरतो आणि त्याच्याबरोबर उठतो. हे मरण व नवजीवन ख्रिस्तावाचून, दुसऱ्या दीक्षेने मिळते असे मानले तर स्नानसंस्काराला अर्थ राहत नाही.

म्हणून निमंत्रण नम्रपणे नाकारावे. निमंत्रण देणाऱ्याचा अपमान करू नये, तसेच ऐकीव कंड्या पसरवू नयेत. कुणी आधीच सदस्य झाले असल्यास त्यांनी निःसंकोचपणे आपल्या धर्मगुरूंना भेटावे. सदस्यत्व सोडून प्रायश्चित्त संस्काराद्वारे परतण्याचा मार्ग खुला आहे. सुशिक्षित स्त्रियांना मान व जबाबदारीसाठी लॉजचे दार का ठोठवावेसे वाटले, याचा विचार आपल्या धर्मग्राम समित्यांनीही करावा, अशी आमची विनंती आहे.