धोंड : दौंडचे इंग्रजी रूप

पुणे जिल्ह्यातील दौंड या तालुक्याच्या गावाचे व रेल्वे जंक्शनचे ब्रिटिश अमदानीतील इंग्रजी नाव. स्पेलिंग डी-एच-ओ-एन-डी. हल्ली डी-ए-यू-एन-डी असे लिहितात. जुने रूप सरकारी व्यवहारातून गेले असले, तरी रेल्वेच्या इतिहासात, जुन्या नकाशांत आणि एकोणिसाव्या शतकातील कागदपत्रांत तेच भेटते.

नाव रुळले ते रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी 1858 मध्ये पुण्यात आली आणि रूळ पुढे भीमेच्या काठाने सोलापूरच्या दिशेने सरकले. दौंडला खरे महत्त्व आले ते 1878 मध्ये, धोंड-मनमाड सरकारी रेल्वे सुरू झाल्यावर. मुंबईहून ईशान्येला आणि आग्नेयेला जाणारे दोन मोठे मार्ग या फाट्याने घाटाच्या वरच्या वर जोडले गेले, आणि नगरलाही रेल्वे मिळाली. तोवर भीमथडी तालुक्यातले एक गाव असलेले दौंड वेळापत्रकात जाड अक्षरांत छापले जाऊ लागले. एकदा तिकिटावर, पाटीवर आणि मालाच्या पावतीवर चढलेले स्पेलिंग गावकऱ्यांना विचारून बदलत नसते.

उच्चाराची अडचण मुळातच आहे. ‘दौंड’मधला पहिला द दंत्य, शेवटचा ड मूर्धन्य. इंग्रजीला हा भेद नाही. दोन्हींसाठी एकच डी. मधला ‘औ’ही इंग्रजी लेखणीला एका अक्षरात धरता येत नाही. धोंड या स्पेलिंगातला एच महाप्राण दाखवतो म्हणावे, तर इंग्रज तो उच्चारत नाही आणि शब्द ‘पॉन्ड’च्या यमकात ‘डॉन्ड’ होतो. मराठी वाचकाला मात्र तेच स्पेलिंग थेट ‘धोंड’ वाटते. समीक्षक म. वा. धोंड आणि चित्रकार प्र. अ. धोंड यांचे आडनाव इंग्रजीत असेच लिहिले जाते, त्यामुळे जुन्या इंग्रजी सूचीत गाव आणि आडनाव शेजारी शेजारी सापडले तर गोंधळ होतो.

हंटरच्या लिप्यंतर पद्धतीत डी-एच म्हणजे ‘ध’ किंवा ‘ढ’. 1885 चे पुणे गॅझेटियर याच धर्तीच्या शिस्तीने लिहिलेले, तरी त्यात धोंडच आहे. तेव्हा साहेबाच्या कानाने घोटाळा केला एवढेच म्हणून हे प्रकरण निकालात काढता येत नाही. नवे स्पेलिंगही सर्वस्वी निर्दोष नाही. इंग्रजीत ए-यू बहुधा ‘ऑ’ वाचतात, म्हणून मराठी न येणारा प्रवासी आजही ‘डॉन्ड’ म्हणतो. स्पेलिंग बदलले, उच्चार जवळजवळ होता तिथेच राहिला! स्थानकाचे सांकेतिक नाव ‘डीडी’ आहे, ते दोन्ही रूपांना चालते.

शेजारच्या शिरूरची गत याहून सोपी. इंग्रजी लष्करी कागदांत ते ‘सिरूर’ आहे. श चा स केलेला, बाकी शब्द ओळखू येतो. 31 डिसेंबर 1817 रोजी कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी याच सिरूर छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढाई झाली. त्या लढाईचा लष्करी मान पलटणींना मिळाला तो मात्र ‘कोरीगाम’ या नावाने, सी-ओ-आर-वाय-जी-ए-यू-एम अशा स्पेलिंगाने. याच परिसरातील सर्वांत बिघडलेले रूप हे; कोरेगाव माहीत असलेल्या माणसालाही ते चटकन उमगत नाही. शिरूरला स्थानिक लोक घोडनदीही म्हणतात. शिरूर नावाची गावे इतरत्रही असल्याने पत्त्यावर ते उपयोगी पडते.

केडगावचे नाव मात्र बिघडले नाही. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे दौंड तालुक्यातील या गावाचा पत्ता देशोदेशी पोहोचला, पण के-ई-डी-जी-ए-ओ-एन हे स्पेलिंग तसेच टिकले. त्यात इंग्रजी जिभेला न पेलणारे फारसे काही नाही, एवढेच कारण असावे.

परभाषेतले गावनाव स्वतंत्रपणे जगते, याचे फ्रान्समधील दाखले प्रसिद्ध आहेत. ल्यों आणि मार्सेय यांच्या शेवटी इंग्रजांनी कित्येक पिढ्या जादा एस लिहिला. अलीकडे तो गळत चालला आहे. रँस या कॅथीड्रलच्या शहराला जुन्या इंग्रजी पुस्तकांत आर नंतर एच लागतो आणि उच्चार ‘रीम्स’ होतो. पॅरिसचा शेवटचा स फ्रेंच माणूस उच्चारत नाही, इंग्रज उच्चारतो, आणि त्याला कोणी चूक म्हणत नाही. पूना किंवा किरकी या रूपांकडे आपण ज्या रागाने पाहतो, तसा राग फ्रेंचांना लायन्सबद्दल येत नाही. कारण ती नावे त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांनी पाट्यांवर लिहिलेली नव्हती. खडकीच्या छावणी मंडळाच्या इंग्रजी नावात किरकी अजून आहे, आणि खडकी स्थानकाचा संकेत ‘केके’ आहे.

भीमा आणि मुळा-मुठेच्या बेटातील राहू गावाला यातली कोणतीच कटकट नाही. आर-ए-एच-यू लिहिले की काम झाले. इंग्रजीत शोधताना ग्रहच आधी पुढे येतो, तेव्हा पुढे दौंड तालुका जोडावा. जुने दस्तऐवज, रेल्वेचे अहवाल किंवा सर्वेक्षणाचे नकाशे चाळणाऱ्याने मात्र दौंडसाठी धोंड, शिरूरसाठी सिरूर आणि कोरेगावसाठी कोरीगाम ही रूपेही शोधावीत. एरवी हाती काही लागणार नाही.