जव्हार-मोखाड्यातील बालमन आणि मापनाचा प्रश्न

१९९२-९३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालमृत्यू झाले. त्यानंतर येथील मुलांच्या वजनाची चर्चा राज्यभर झाली. मनाची फारशी झाली नाही. मनोमापनाची परंपरा मराठीला नवी नव्हती. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे मराठी व कानडी मुलांसाठी बिने चाचणीचे रूपांतर १९३४ मध्येच केले होते. परंतु ते बुद्धीपुरते. भावनिक व वर्तनविषयक समस्यांसाठी आज सर्वत्र वापरली जाणारी रॉबर्ट गुडमन यांची प्रश्नावली १९९७ ची. तीत २५ विधाने असून पालक वा शिक्षकांनी साधारणतः गेल्या सहा महिन्यांतील वर्तन पाहून उत्तरे द्यावयाची असतात.

जव्हार-मोखाड्यात हीच अट अडचणीची ठरते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. सोबत नेलेले मूल शिक्षकाला दिसत नाही, आश्रमशाळेत ठेवलेले पालकाला. मग उत्तर कोणी द्यावे? डोकेदुखी-पोटदुखीची वारंवार तक्रार या प्रश्नावलीत भावनिक लक्षण गणली जाते. उपाशी पोटाचे दुखणे आणि आईच्या आठवणीने उठलेले दुखणे यांना तेथे सारखेच गुण पडतात. घरी वारली वा कातकरी बोलणाऱ्या मुलाचे वर्गातील मौनही असेच फसवे.

प्रस्तुत लेखकाच्या मते गुणांची बेरीज करण्यापूर्वी मुलाचे वजन, हजेरी आणि स्थलांतराचे महिने त्याच कागदावर नोंदविले जावेत.