दर्याकाठची घरे आणि आगीचा हिशेब

इमारतीचे मोल आपण सामान्यतः रुपयांत करतो. ती उभी करताना किती इंधन जळाले, हे कोणी विचारीत नाही. हवामान पालटू लागल्यापासून मात्र हा हिशेब मांडणे जगास भाग पडले आहे. आमच्या मते त्याचे काही धडे रायगडच्या किनाऱ्यावर पूर्वीच गिरवले गेले आहेत.

अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला पाहावा. शिवछत्रपतींनी १६८० साली त्याची बांधणी आरंभिली व संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ती पुरी झाली. तटाचे प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेले असून त्यांच्या सांध्यांत चुना नाही. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. भट्टी न पेटविता केलेले हे काम तीन शतकांहून अधिक काळ टिकले आहे. मुरुडजवळच्या पद्मदुर्गावर निराळेच नवल दिसते. खाऱ्या वाऱ्यापाण्याने तेथील दगड झिजून आत गेला, पण दोन दगडांमधला चुना मात्र शाबूत राहिला.

चुनाही आगीवाचून होत नाही, हे खरे. तथापि त्याच्या भट्टीस सुमारे ९०० अंश उष्णता पुरते. सिमेंटच्या भट्टीस सुमारे १४५० अंश लागते. शिवाय चुनखडी भाजताना सुटलेला कर्बवायू चुना घट्ट होताना पुष्कळसा परत शोषून घेतो. इंधनाचा आणि चुनखडीचा मिळून जगातील सुमारे ७ ते ८ टक्के कर्बवायू एकट्या सिमेंटच्या पदरी जातो.

लाकडाच्या बाबतीतही पूर्वी विवेक होता. आरमारासाठी झाडे तोडताना रयतेच्या आंब्याफणसांस हात लावू नये, कारण ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा आशय आहे. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असेही त्यात बजावले आहे.

यावर कोणी म्हणेल, ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळाने याच किनाऱ्यावरील असंख्य घरांची छपरे उडविली; मग कौलांचे गोडवे कशास गावे? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्याचे छप्पर गेले, त्याने स्लॅबची इच्छा धरणे स्वाभाविक आहे. परंतु खाऱ्या हवेत स्लॅबमधील लोखंडी गज गंजून फुगतात व काँक्रीट तडकते. आणि जी इमारत लवकर पाडावी लागते, ती दुसऱ्यांदा आग खाते. वाशांची व कौलांची बांधणी वादळास पुरेल अशी पक्की करावी, गजांचे काम करणे भागच असेल तेथे ते जाड व नीट आवरणाखाली ठेवावे, हा मार्ग शहाणपणाचा. रुंद पडवी व समोरासमोरच्या खिडक्या असल्या, तर पंख्याचीही गरज कमी भासते.

नांदगाव येथे नारळीच्या वाडीत 'स्टुडिओ मुंबई'ने २००७ साली 'पामिरा हाउस' बांधले; त्याच्या झडपा ताडाच्या लाकडाच्या असून समुद्राचा वारा त्यांतून खेळतो. असे सौख्य केवळ धनिकांच्या विश्रांतिगृहापुरते राहू नये. नव्या घराचा नकाशा मंजूर करताना भिंतीचे माप जसे तपासतात, तशी तिच्यासाठी जळणाऱ्या इंधनाचीही चौकशी झाली पाहिजे. ज्या दर्याच्या पाण्याची पातळी आता चढू लागली आहे, त्याच्याच काठी राहणाऱ्यांनी तरी ती आधी करावी.